आगीवाचून पहारा : अदृश्य वायूचा माग काढणाऱ्या साधनांची दोनशे वर्षे

१/
२५ मे १८१२. इंग्लंडच्या ईशान्येस, गेट्सहेडजवळच्या फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण प्राणास मुकले. मृतांत लहान मुलेही होती, कारण त्या काळी मुलांनाही खाणीत कामास लावीत. स्फोटाचे कारण होते कोळशाच्या थरांतून झिरपणारा मिथेन वायू. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो साठला आहे हे खाणकामगाराला कळे ते बहुधा हातातल्या उघड्या ज्योतीने तो पेटल्यावरच. इशारा आणि मृत्यू एकाच क्षणी येत.

२/
त्यानंतरच्या दोनशे वर्षांत माणसाने अशा अदृश्य वायूंवर पहारा ठेवणारी अनेक साधने घडविली. या साधनांच्या इतिहासात एक चमत्कारिक पेच वारंवार दिसतो. धोक्याची वार्ता देणारे साधन स्वतःच थोडी आग बाळगून असते. आधी ज्योत, मग तापलेली तार, मग तापलेला मणी. नॅनो-पदार्थांपासून बनविलेले आणि केवळ प्रकाशाने जागे होणारे आजचे वायुसंवेदक हे या पेचातून बाहेर पडण्याचे प्रयत्न आहेत. त्यांचे मोल समजण्यासाठी मागील साधनांनी कोणती किंमत मोजली, हे पाहणे आवश्यक आहे.

३/
फेलिंगच्या दुर्घटनेनंतर त्या भागातील धर्मोपदेशक, वैद्य व खाणमालक एकत्र आले आणि अपघात टाळण्यासाठी १८१३ मध्ये सन्डरलंड येथे एक मंडळ स्थापन झाले. १८१५ मध्ये या मंडळींनी रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही याला गाठले. काही महिन्यांच्या प्रयोगांनंतर डेव्हीने उत्तर शोधले : ज्योतीभोवती बारीक छिद्रांची तारेची जाळी. जाळीचा धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे आतील ज्वाला बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत या दिव्याची परीक्षा झाली. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यानेही स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा बनविला होता, आणि श्रेय कोणाचे यावरून पुढे बराच वाद रंगला.

४/
डेव्हीचा दिवा उजेडासाठी होता, पण खाणकामगारांनी त्याला वायुमापक केले. हवेत मिथेन मिसळला असेल तर वात बारीक केलेल्या ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळसर टोपी दिसे. वायू जितका अधिक तितकी ती उंच. अनुभवी डोळा त्या टोपीवरून धोक्याचा अंदाज बांधी. तरीही १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर जे चित्र उभे राहिले ते उलटे होते. दिवा आल्यानंतरच्या वर्षांत स्फोटांतील मृत्यू घटण्याऐवजी वाढले होते. दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेले, अधिक वायूचे थर खणायला घेतले होते. सुरक्षेचे साधन हाती आले की माणूस अधिक खोल उतरतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

५/
ज्योतीवरून हवा पारखण्याची रीत केवळ इंग्लंडची नव्हती. महाराष्ट्रात जमिनीखालच्या पेवांत धान्य साठवीत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. बंद पेवात प्राणवायू संपतो आणि कर्बवायू साठतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, दिवा सोडून पाहावा, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जुन्या विहिरीत उतरतानाही हीच खबरदारी घेत. दिवा विझला तर खाली हवा नाही. पण या परीक्षेला मोठी मर्यादा होती. दिवा फक्त प्राणवायूचा तुटवडा सांगतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी दिवा निवांत जळत राहतो.

६/
हे विष ओळखण्याचे श्रेय जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाकडे जाते. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मरण पावले. हाल्डेनने मृतदेहांची पाहणी केली. त्याला आढळले की बहुसंख्य कामगार स्फोटाच्या धक्क्याने वा भाजून मेलेले नव्हते. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा घात केला होता. या वायूचा परिणाम जाणण्यासाठी हाल्डेनने तो स्वतः हुंगून पाहिला होता आणि आपल्या शरीराची अवस्था टिपून ठेवली होती. याच हाल्डेनचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन हे पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

७/
हाल्डेनने सुचविलेला उपाय साधा होता. लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास व रक्ताभिसरण जलद असते, त्यामुळे विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी होतो. म्हणून बचाव पथकांनी उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावेत. कॅनरी अधिक सोयीची ठरली, कारण ती दांडीवरून खाली पडलेली लगेच दिसते. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असे. पक्षी कोसळला की दार बंद करून त्याला शुद्धीवर आणीत. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरींना निवृत्त करण्याची घोषणा १९८६ च्या अखेरीस झाली. तोपर्यंत जिवंत प्राणी हाच कित्येक खाणींतला भरवशाचा संवेदक होता. पक्षी इशारा देत असे, पण तो इशारा त्याला स्वतःच्या जिवावर द्यावा लागे.

८/
हाल्डेनच्या कामातील एक निरीक्षण या कथेच्या उत्तरार्धाशी जुळते. १८९६ मध्येच हाल्डेन आणि त्याचा सहकारी लॉरेन स्मिथ यांनी नोंदविले की कार्बन मोनॉक्साइडला घट्ट धरून बसलेल्या हिमोग्लोबिनवर प्रकाश पडला की तो वायू सुटू लागतो. उष्णता न देता, केवळ उजेडाने, एखाद्या पदार्थाची वायूवरची पकड सैल होते. पुढे जर्मनीत ऑटो वारबुर्ग याने हाच गुणधर्म वापरून श्वसनाच्या विकराचा अभ्यास केला आणि त्याला १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताची आणि धातूच्या ऑक्साइडची रसायने वेगळी आहेत. परंतु प्रकाश वायूला सोडवितो, ही कल्पना दोन्हींकडे फळास आली.

९/
विसाव्या शतकात वायू खाणीबाहेर पडून घराघरांत शिरला. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत गळून साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि जवळपास ३०० जण मरण पावले, त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. वायूला वास नव्हता, म्हणून गळती कोणाच्याही ध्यानात आली नाही. त्यानंतर इंधनवायूत मुद्दाम उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळण्याचे नियम झाले. आज घरातील सिलिंडरमधून येणारा वास हा वायूचा स्वतःचा नव्हे, या धड्यातून आलेला आहे. पण नाकही अपुरे पडते. झोपलेल्या माणसाला वास जागे करीलच असे नाही, आणि रिकाम्या घरात तो घेणारे कोणी नसते.

१०/
यंत्राचे नाक बनविण्याचा पहिला यशस्वी मार्ग पुन्हा आगीचाच होता. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात ऑलिव्हर जॉन्सन याने तेलवाहू जहाजांच्या टाक्यांतील ज्वालाग्राही वाफा मोजण्यासाठी तापलेल्या प्लॅटिनम तारेचे उपकरण तयार केले. वायू तारेच्या पृष्ठावर जळतो, तार अधिक तापते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि काटा हलतो. पुढे ब्रिटनमध्ये तारेभोवती उत्प्रेरकाचा बारीक मणी बसवून हे तंत्र सुधारले गेले. खाणीतल्या मिथेनमापकांत ते आजही वापरात आहे. डेव्हीची ज्योत येथे मण्याएवढी झाली, जाळीच्या जागी सच्छिद्र धातूचे आवरण आले. मूळ युक्ती मात्र तीच राहिली. थोडासा वायू जाळायचा आणि तो किती होता ते ताडायचे.

११/
दुसरा मार्ग अनपेक्षित दिशेने उघडला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल पुढे १९५६ चे नोबेल मिळविणारे जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन हे बेल प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या पृष्ठभागाचा अभ्यास करीत होते. १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की भोवतालचा वायू बदलला की अर्धवाहकाच्या पृष्ठावरील विद्युतस्थिती बदलते. त्यांनी त्या पृष्ठावर प्रकाश टाकूनही मोजमापे घेतली. ट्रान्झिस्टर बनविणाऱ्यांना हा उपद्रव वाटे, कारण हवेतील ओलाव्याने त्यांची साधने बिघडत. परंतु जो पदार्थ हवेच्या बदलाने बिघडतो, तोच हवेच्या बदलाची खबरही देऊ शकतो.

१२/
ही उलटी दृष्टी जपानमध्ये फळास आली. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या तापविलेल्या पातळ थराने हवेतील वायू ओळखता येतात, हे दाखविले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची याने टिन ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला. त्या काळी जपानी घरांत सिलिंडरचा वायू झपाट्याने पसरत होता आणि गळतीमुळे स्फोट होत होते. १९६८ मध्ये तागुचीच्या संवेदकाचे उत्पादन सुरू झाले, १९६९ मध्ये त्याने फिगारो ही कंपनी काढली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसणारी स्वस्त धोक्याची घंटा येथून जन्माला आली.

१३/
या संवेदकाचे कार्य समजण्यासारखे आहे. टिन ऑक्साइडच्या कणांवर हवेतील प्राणवायूचे रेणू चिकटतात आणि कणातील इलेक्ट्रॉन ओढून घेतात. इलेक्ट्रॉन अडकले की वीज वाहणे कठीण होते, म्हणजे रोध वाढतो. आता प्रोपेन किंवा कार्बन मोनॉक्साइड आला तर तो या चिकटलेल्या प्राणवायूशी संयोग पावतो. अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो आणि घंटा वाजते. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा वायू उलट वागतो. तो स्वतःच इलेक्ट्रॉन ओढतो आणि रोध वाढवितो. सारा व्यवहार पृष्ठावरच्या देवघेवीचा आहे.

१४/
ही देवघेव नेहमीच्या तापमानाला फार मंद चालते. चिकटलेला प्राणवायू सुस्त असतो, आलेला वायू निघून जात नाही, ओलावा जागा अडवून बसतो. म्हणून संवेदकाखाली तापकाची तार ठेवून त्याला साधारणपणे २०० ते ४०० अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. पहिल्या पिढीतील संवेदकांना केवळ तापण्यासाठी पाऊण वॅटच्या आसपास वीज लागे. भिंतीतल्या वीजजोडणीला हा खर्च नगण्य. खिशातल्या किंवा शेतातल्या बॅटरीला तो असह्य. शिवाय सतत तापल्याने कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि संवेदक हळूहळू बोथट होतो. ज्वालाग्राही वायूवर नजर ठेवणारे साधन स्वतः तापलेले असणे, हा जुना पेच येथेही सुटलेला नव्हताच.

१५/
उष्णतेला पर्याय मात्र डोळ्यांसमोर होता. झिंक ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की त्याची वाहकता वाढते, हे जुन्या अभ्यासकांना ठाऊक होते. १९५४ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने याच गुणावर छायाप्रतीचे एक तंत्र उभारले होते. १९५७ मध्ये मेलनिक या संशोधकाने या वाहकतेचा संबंध प्राणवायूच्या चिकटण्या-सुटण्याशी जोडला. प्रकाशकण पदार्थात शिरला की एक इलेक्ट्रॉन मुक्त होतो आणि त्याच्या जागी धनभारित पोकळी उरते. ही पोकळी पृष्ठाकडे ओढली जाते, तेथील प्राणवायूने धरलेला भार फेडते आणि प्राणवायू उडून जातो. तापकाचे काम येथे प्रकाश करतो, आणि पदार्थ थंडच राहतो.

१६/
मग हा मार्ग तेव्हाच का धरला गेला नाही? दोन अडचणी होत्या. पहिली दिव्याची. अतिनील प्रकाश देणारे पाऱ्याच्या वाफेचे दिवे मोठे, नाजूक आणि तापकाहून अधिक वीज खाणारे होते. दुसरी पदार्थाची. प्रकाशाचा आणि वायूचा खेळ पृष्ठाजवळच्या काही नॅनोमीटर जाडीत चालतो. कण मोठा असेल तर आतला सारा गाभा या घडामोडींपासून अलिप्त राहतो आणि पृष्ठावरचा बदल त्यात बुडून जातो. पहिली अडचण एलईडीने सोडविली. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर केलेल्या कामातून आधी निळे आणि मग अतिनील एलईडी शक्य झाले. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले.

१७/
दुसरी अडचण नॅनो-पदार्थांनी सोडविली. १९९१ मध्ये क्यूशू विद्यापीठातील नोबोरू यामाझोए व सहकाऱ्यांनी टिन ऑक्साइडचे निरनिराळ्या आकाराचे कण तपासले. कण सुमारे ६ नॅनोमीटरहून लहान झाला की संवेदनशीलता एकाएकी वाढते, असे त्यांना आढळले. कारण हिशेबाचे आहे. प्राणवायूमुळे इलेक्ट्रॉन ओसरलेला थर पृष्ठापासून साधारण ३ नॅनोमीटर आत जातो. ६ नॅनोमीटरच्या कणात दोन्ही बाजूंचे थर मध्यभागी भेटतात. कणाला गाभा असा उरतच नाही, तो सगळा पृष्ठच होतो. भारतातही या पदार्थांवर काम झाले; पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय येथून ऑक्साइड संवेदकांवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.

१८/
१९९० च्या दशकात युरोपात टिन ऑक्साइडच्या थरांवर अतिनील प्रकाश टाकून प्रयोग सुरू झाले. २००० मध्ये इटलीतील ब्रेशा विद्यापीठाच्या एलिसाबेत्ता कोमिनी व सहकाऱ्यांनी इंडियम ऑक्साइड व टिन ऑक्साइड संवेदकांचा प्रतिसाद प्रकाशाने सुधारतो, हे दाखविले. २००१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत अशा ऑक्साइडांच्या केसाहून कित्येक पटींनी बारीक फिती तयार झाल्या. पुढच्याच वर्षी बर्कली येथील पेइदोंग यांग यांच्या गटाने टिन ऑक्साइडच्या एकेका नॅनोफितीवर अतिनील प्रकाश टाकला आणि नेहमीच्या तापमानाला नायट्रोजन डायऑक्साइड ओळखला. प्रकाश चालू असताना वायू चिकटत होता आणि सुटतही होता, म्हणजे फीत पुन्हा पुन्हा वापरता येत होती. तापक गळून पडला होता.

१९/
यापुढचे पाऊल होते वीजही न घेण्याचे. २०१३ मध्ये स्पेन व जर्मनीतील संशोधकांनी सिलिकॉनवर झिंक ऑक्साइड आणि त्यावर कॅडमियम सल्फाइड अशी सूक्ष्म रचना केली. ही रचना एकाच वेळी सौरघट आणि संवेदक आहे. दृश्य प्रकाश पडला की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो, आणि भोवतालचा वायू बदलला की तो दाब बदलतो. बाहेरून वीज न देता संकेत मिळतो. दुसऱ्या वाटेने, २०२० मध्ये दक्षिण कोरियातील काइस्ट संस्थेच्या गटाने सूक्ष्म एलईडीच्या अंगावरच ऑक्साइडच्या नॅनोतारा बसवून खर्च मायक्रोवॅटच्या पातळीवर आणला. तागुचीच्या पाऊण वॅटशी तुलना केली तर हे अंतर हजारो पटींचे आहे.

२०/
तरी हा विजयाचा इतिहास म्हणून वाचणे घाईचे ठरेल. तापक नसल्याने ओलावा पृष्ठावर टिकून राहतो, आणि दमट हवेत संवेदकाचे आकडे ढळतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही अडचण लहान नसते. एक वायू दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे कठीणच आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट मिथेनची. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन यांसारखे चपळ वायू प्रकाशाच्या मदतीने सहज हाती लागतात. मिथेनच्या रेणूतील कार्बन-हायड्रोजन बंध मात्र चिवट असतो. थंड पृष्ठावर तो सहजी तुटत नाही. खाणीत आजही तापलेला मणी किंवा अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र यांवरच विसंबावे लागते. ज्या वायूपासून ही कथा सुरू झाली, तोच या नव्या साधनाला अजून पुरता वश नाही.

२१/
या विलंबाची किंमत कोण मोजतो, हेही ठाऊक आहे. २८ मे १९६५ रोजी धनबाद परिसरातील धोरी खाणीत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. शहरांच्या गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइडने गुदमरून सफाई कामगार मरतात. हा वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. नाक नेमके धोक्याच्या वेळी गप्प बसते. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरविण्याच्या जीवघेण्या कामाला बंदी घातली, तरी माणसे उतरतात, आणि अनेकदा त्यांच्या हाती कसलेच मापक नसते. स्वस्त, थंड, बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारा संवेदक ही प्रयोगशाळेची हौस नाही, ती या माणसांची गरज आहे.

२२/
डेव्हीचा दिवा आल्यावर मालकांनी कामगारांना अधिक वायूच्या थरांत उतरविले, ही १८३५ ची नोंद येथे पुन्हा आठवावी लागते. ज्योत, पक्षी, तापलेली तार, टिन ऑक्साइडचा मणी आणि आता प्रकाशात जागी होणारी नॅनोतार, या प्रत्येकाने वार्ता आधीच्याहून लवकर दिली. परंतु वार्ता मिळाल्यावर माणसाला खाली पाठवायचे की नाही, हा निर्णय कोणत्याही संवेदकाने घेतलेला नाही. तो वर उभे असलेल्यांनी घ्यायचा असतो. फेलिंगच्या ९२ जणांना इशारा देणारे साधनच नव्हते. यापुढे मरणाऱ्यांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.